फ्रीजचा टेंपरेचर सेन्सर खरं सांगतोय का, हे ग्लासभर बर्फात तपासा

फ्रीजचा टेंपरेचर सेन्सर दोन तऱ्हांनी बिघडतो. कधी तो सरळ तुटतो किंवा शॉर्ट होतो. मग बोर्डाच्या (फ्रीज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या) लगेच लक्षात येतं, डिस्प्लेवर एरर कोड झळकतो किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, आणि मेकॅनिकला फार डोकं लावावं लागत नाही. दुसरी तऱ्हा जास्त छळते. सेन्सर चालू असतो, बोर्डाला आकडाही देत असतो, पण तो आकडा खोटा असतो. बोर्ड त्यावर विश्वास ठेवतो, कोड काही येत नाही, आणि घरात मात्र रात्रीचं दूध सकाळी फाटतं किंवा खालच्या कप्प्यातल्या काकड्या गोठतात. इथे ‘बोर्ड गेला’, ‘गॅस कमी झाला’ असे महागडे अंदाज बांधले जातात. खरं तर मल्टिमीटर आणि एक ग्लास बर्फ असेल तर अर्ध्या तासात छडा लागतो.

आधी एक खातरजमा करा. बटन फिरवून १ ते ७ आकडे निवडायचा आणि मध्यभागी दाबायचं डीफ्रॉस्ट बटन असलेला सिंगल डोअर फ्रीज असेल, तर बहुतेक वेळा त्यात इलेक्ट्रॉनिक सेन्सर नसतोच. त्यात गॅस भरलेल्या बारीक नळीचा थर्मोस्टॅट असतो आणि नळीचं टोक फ्रीझरच्या पत्र्याला चिकटवलेलं असतं. त्याची तपासणी सोपी आहे. प्लग काढा, कंप्रेसरकडे जाणाऱ्या दोन पिनांवरच्या वायर सोडवा आणि मीटर बझरवर (जोड सलग असला की आवाज देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. खोलीच्या तापमानाला बटन कमाल आकड्यावर असताना बझर वाजला पाहिजे आणि ‘बंद’वर गप्प झाला पाहिजे. कमाल आकड्यावरही वाजत नसेल तर नळीतला गॅस गेला, थर्मोस्टॅट बदला. ‘बंद’वरही वाजत राहिला तर आतले कॉन्टॅक्ट चिकटलेत, म्हणून कंप्रेसर थांबत नाही. त्या फ्रीजपुरतं एवढं पुरे. पुढचं सगळं डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री, साइड बाय साइड आणि इन्व्हर्टर मॉडेलांसाठी. हल्लीच्या काही सिंगल डोअर इन्व्हर्टर फ्रीजमध्येही असाच सेन्सर असतो.

सेन्सर बोर्डाला काय सांगतो

हा सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर: दोन वायर आणि टोकाला प्लॅस्टिकच्या टोपीत बसवलेला मणी. थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, गरम झाला की कमी होतो. पोलॅरिटी नसते, वायर उलटसुलट लागल्या तरी चालतं. त्याची ओळख दोन आकड्यांनी होते. पहिला, २५ अंश सेल्सिअसला रेझिस्टन्स किती. घरगुती फ्रीजमध्ये १०के, ५के आणि २.७के (के म्हणजे किलोओहम) हे प्रकार जास्त दिसतात. दुसरा बी-व्हॅल्यू, म्हणजे थंडी वाढताना रेझिस्टन्स किती झपाट्याने चढतो. याकडे जवळपास कोणीच बघत नाही, आणि चुकीचा सेन्सर बसतो तो इथेच.

१०के सेन्सरच्या दोन नेहमीच्या जातींचे अंदाजे आकडे (किलोओहममध्ये) असे:

बी ३४३५: उणे १८ अंशाला ६१, ० अंशाला २७, ४ अंशाला २३, १० अंशाला १८, २५ अंशाला १०, ४० अंशाला ५.८.

बी ३९५०: उणे १८ अंशाला ८६, ० अंशाला ३२.५, ४ अंशाला २७, १० अंशाला २०, २५ अंशाला १०, ४० अंशाला ५.३.

५केचा सेन्सर असेल तर हेच आकडे निम्मे करा. २.७केचा सेन्सर बर्फाच्या पाण्यात ८च्या आसपास येतो.

शेवटचा, ४० अंशांचा आकडा नीट बघा. नागपुरात किंवा अकोल्यात मे महिन्यातल्या दुपारी सेन्सर काढून मीटर लावला की ५.५ दिसतात आणि ‘हा ५केचा सेन्सर दिसतोय’ असं ठरतं. असतो तो चांगला १०केचा! २५ अंशांच्या आसपास दर अंशाला रेझिस्टन्स साधारण ४ टक्क्यांनी बदलतो, त्यामुळे खोलीचं तापमान न मोजता घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. बर्फाच्या पाण्यात हा घोळ होत नाही, कारण ते मुंबईत काय नि महाबळेश्वरात काय, शून्य अंशच असतं.

आता खोट्या आकड्याचा परिणाम. रेझिस्टन्स असायला हवा त्यापेक्षा जास्त असेल तर बोर्डाला वाटतं आत भरपूर थंड आहे. कंप्रेसर लवकर थांबतो आणि फ्रीज गरम राहतो. रेझिस्टन्स कमी असेल तर बोर्डाला वाटतं आत गरम आहे. कंप्रेसर थांबता थांबत नाही, बिल चढतं, भाजी गोठते. तक्रार ऐकूनच सेन्सर कुठल्या बाजूला सरकला असेल याचा अंदाज बांधता येतो.

सेन्सरवर आळ घेण्याआधी

‘सेन्सर गेला’ म्हणून उघडलेल्या पुष्कळ फ्रीजमध्ये सेन्सर ठणठणीत निघतो. म्हणून आधी खरं तापमान मोजा. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर दार उघडू नका. सकाळी ३ ते ५ अंश दिसले तर खालचा भाग ठीक आहे. फ्रीझरमध्ये थर्मामीटर दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये दाबून ठेवा. उणे १८च्या आसपास हवं. डिस्प्लेवरच्या आकड्यावर जाऊ नका. बऱ्याच मॉडेलांत तिथे तुम्ही निवडलेलं तापमान दिसतं, आतलं नाही.

मग चार गोष्टी बघून घ्या. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर सैल आहे. हवा येण्याच्या खिडकीसमोर पातेलं किंवा भाजीची पिशवी टेकली आहे का ते बघा. तिथली भाजी गोठत असेल तर ती बहुतेक वेळा जागेची चूक असते, सेन्सरची नाही. फ्रीझरचा पंखा फिरल्याचा आवाज येतो का ऐका (दार उघडलं की काही मॉडेलांत पंखा थांबतो, तेव्हा दाराचं स्विच बोटाने दाबून ऐका). चौथी गोष्ट सगळ्यात बोलकी: फ्रीझरच्या मागच्या पॅनलआडची कूलिंग कॉइल.

पॅनल काढल्यावर कॉइलवर वरपासून खालपर्यंत पातळ, एकसारखं दव गोठलेलं असेल तर गॅस आणि पंखा दोन्ही ठीक, सेन्सरकडे वळा. फक्त सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवर बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी आहे. सेन्सर बदलून काही होणार नाही. आणि कॉइल बर्फाच्या लादीत गाडली गेली असेल तर डीफ्रॉस्टमध्ये, म्हणजे कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळवण्यात, बिघाड आहे. तिथे डीफ्रॉस्ट सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे, पण तो एकटाच संशयित नाही. त्याबद्दल पुढे.

सामान आणि सावधगिरी

डिजिटल मल्टिमीटर, प्रोब असलेला छोटा थर्मामीटर, स्टीलचा पेला, कुटलेला बर्फ, प्लॅस्टिकचं जुनं कार्ड (पॅनलचे खटके सोडवायला, स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडतात आणि खटके तुटतात). बोर्ड तपासायचा असेल तर पाव वॉटचे १०के, ३३के आणि १००केचे रेझिस्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे अगदी किरकोळ पैशांत मिळतात.

स्विच बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा. इन्व्हर्टर फ्रीजच्या बोर्डावरचा मोठा कपॅसिटर ३००हून अधिक व्होल्टला भरलेला असतो, म्हणून प्लग काढल्यावर दहा मिनिटं मागच्या बोर्डाला हात लावू नका. कंप्रेसरवर आर६००ए असं लिहिलेलं असेल तर आतला गॅस ज्वालाग्राही आहे. भरलेला असतो थोडाच, पण कॉइलला छेद गेला आणि शेजारी सोल्डरिंग चालू असेल तर तेवढा पुरेसा आहे. त्यामुळे कॉइलवरचा बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने कधीही टोकरू नका. दार उघडं ठेवून किंवा कोमट पाण्याची भांडी आत ठेवून वितळू द्या. ॲल्युमिनियमची कॉइल एका टोच्यात फुटते आणि मग दुरुस्ती सेन्सरच्या किमतीत राहत नाही. फ्रीज वॉरंटीत असेल तर पॅनल उघडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बोलवा.

सेन्सर कुठे सापडतो

खालच्या भागातला, म्हणजे आर सेन्सर, बाजूच्या भिंतीतल्या छोट्या जाळीमागे किंवा मागच्या हवेच्या डक्टमध्ये असतो. फ्रीझरचा एफ सेन्सर मागच्या पॅनलमागे, पंख्याच्या आसपास असतो. डीफ्रॉस्टचा डी सेन्सर कॉइलच्या वरच्या नळीला क्लिपने अडकवलेला असतो. काही मॉडेलांत चौथा सेन्सर वरच्या बिजागरीच्या झाकणाखाली किंवा डिस्प्लेमागे असतो, तो खोलीचं तापमान बघतो. दूध नासण्यामागे तो नसतो. एलजीच्या फ्रीजवर एफएस, आरएस, डीएस अशी अक्षरं येतात ती याच तिघांची. इतर कंपन्यांचे कोड वेगळे असतात, मॅन्युअलमध्ये बघा. कोड आला असेल तर कुठल्या सेन्सरची लाइन तुटली किंवा शॉर्ट झाली एवढंच कळतं. तो सेन्सर, त्याचा कनेक्टर आणि बोर्डापर्यंतची वायर, यातलं नेमकं काय गेलं ते कोड सांगत नाही.

सेन्सर काढताना तो आपल्या खाचेत नीट बसलेला होता का, हे आधी बघून घ्या. क्लिप निसटून डी सेन्सर हवेत लोंबकळत असेल, किंवा आर सेन्सरचं डोकं जाळीबाहेर येऊन बाटलीला चिकटलं असेल, तर सेन्सर चांगला असूनही आकडा चुकतो. परत जागेवर बसवा, काम झालं.

बर्फाच्या पाण्यातली तपासणी

पेला कुटलेल्या बर्फाने काठोकाठ भरा, मग फटी भरतील एवढंच पाणी ओता. पाण्यात चार खडे टाकून चालत नाही. तळाचं पाणी ३-४ अंशांवर राहतं आणि आकडा फसतो. मीठ चुकूनही नको, मिठाने पाणी शून्याच्या खाली जातं. चमच्याने ढवळून पाच मिनिटं थांबा आणि थर्मामीटरने शून्य दिसतंय याची खात्री करा.

सेन्सरचा कनेक्टर सोडवा. सेन्सर बोर्डाला जोडलेला असताना घेतलेलं रीडिंग ग्राह्य धरू नका, बोर्डावरचे रेझिस्टर त्यात मिसळतात. मीटर २००केच्या रेंजवर ठेवा. इथे भलेभले चुकतात. मीटर २०केवर असेल तर २७ किलोओहमचा धडधाकट सेन्सर डाव्या कडेला नुसता ‘१’ दाखवतो, आणि ‘ओपन आहे’, म्हणजे आत तुटलाय, म्हणून तो कचऱ्यात जातो. प्रोबची टोकं दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून धरू नका. शरीराचा रेझिस्टन्स समांतर जोडला जातो आणि मोठे आकडे खाली येतात. मगरीच्या जबड्यासारख्या क्लिपा मिळतात, त्या वापरल्या की हात मोकळे राहतात.

सेन्सरचं डोकं पाण्यात मधोमध धरा, पेल्याला टेकू देऊ नका, कनेक्टर कोरडा ठेवा. अधूनमधून ढवळत राहा. आकडा चढत जाईल आणि तीन-चार मिनिटांत स्थिरावेल. तो लिहून ठेवा. एवढ्यावर बाहेर काढू नका, आणखी पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. त्या वेळात वायर डोक्याजवळ हलकेच वाकवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर आत वायर अर्धवट तुटली आहे किंवा मण्याला तडा गेला आहे. आणि आकडा आधी २७ वर टेकून मग सावकाश २५, २३, २१ असा उतरत गेला, तर टोपीतून पाणी आत शिरतंय. हा सेन्सर बाद.

ओल शिरलेल्या सेन्सरचं हे प्रकरण जरा उलगडून सांगायला हवं, कारण खोलीच्या तापमानाला ते जवळजवळ दिसतच नाही. समजा ओलीमुळे दोन वायरींमध्ये १०० किलोओहमची चोरवाट तयार झाली. २५ अंशाला १०केचा सेन्सर ९.१ दाखवेल. फरक दोन अंशांचा, मीटर धरणारा म्हणेल ठीक आहे. तोच सेन्सर उणे १८ला, जिथे ६१ हवेत तिथे ३८ दाखवतो आणि बोर्डाला वाटतं फ्रीझर उणे ८वरच आहे. कंप्रेसर मग थांबतच नाही. म्हणून टेबलावर घेतलेल्या एका रीडिंगवर फ्रीझरचा सेन्सर पास करू नका. एफ सेन्सरवर संशय असेल तर तो दुसऱ्या चालू फ्रीजच्या फ्रीझरमध्ये, वायर दाराच्या रबरातून बाहेर काढून, थर्मामीटरसोबत दोन तास ठेवा आणि उणे तापमानाचा आकडाही घ्या.

दुसरा बिंदू म्हणून ४० अंशांचं कोमट पाणी घ्या (थर्मामीटरने मोजून) आणि तिथलं रीडिंग लिहा. बर्फातून कोमट पाण्यात जाताना आकडा सलग उतरला पाहिजे, मध्ये अडखळता कामा नये.

आकडा बरोबर की चूक, ठरवायचं कसं

इथे एक अडचण आहे. बर्फात ३३ किलोओहम आले. ३९५० जातीचा सेन्सर असेल तर तो अगदी बरोबर आहे. ३४३५ जातीचा असेल तर तो सरकला आहे, आणि बोर्डाला ४ अंश वाटत असताना तुमचा फ्रीज ९ अंशांवर बसला आहे. कोड नाही, पंखा चालू, आतला दिवा चालू, आणि दूध मात्र टिकत नाही. सेन्सर आणखी बिघडून बर्फात ४१ दाखवू लागला तर फ्रीज १४ अंशांवर जातो, तरीही अनेक बोर्डांना त्यात काही गैर दिसत नाही, कारण ४१ किलोओहम हा अशक्य आकडा नाही.

तेव्हा मूळ आकडा कळायलाच हवा. तो मिळण्याच्या तीन जागा. मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तापमान-रेझिस्टन्सचा तक्ता असतो. काही फ्रीजवर मागे वायरिंगची आकृती चिकटवलेली असते, त्यात सेन्सरचा रेझिस्टन्स दिलेला असतो. यातलं काही हाताशी नसेल तर भावंडाला साक्षीला बोलवा: पुष्कळ मॉडेलांत एफ, आर आणि डी हे तिन्ही सेन्सर एकाच जातीचे असतात, फक्त वायरची लांबी आणि टोपी वेगळी. दोन्ही सेन्सर एकाच पेल्यात बुडवा. एक २७ आणि दुसरा २७.४ म्हणाला तर दोघेही चांगले. एक २७ आणि एक ३४ असेल तर वेगळा आकडा देणाऱ्यावर संशय पक्का करा, पण त्याआधी दोघांचं ४० अंशांचं रीडिंगही ताडून बघा. तिथे क्रम उलटून बर्फात २७ देणारा ५.८च्या आणि दुसरा ५.३च्या आसपास आला तर दोन वेगळ्या जातींचे सेन्सर आहेत, बिघाड नाही. बर्फात मूळ आकड्यापेक्षा ५ टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून द्या, तो साधारण एका अंशाचा असतो. १० टक्क्यांच्या पुढे सेन्सर बदला.

सेन्सर चांगला, तरी बोर्ड चुकतोय

आता तीच मोजणी बोर्डाच्या टोकाकडून करा. प्लग काढलेला आहेच. सेन्सर जागेवर जोडा, मागच्या बोर्डावरचा कनेक्टर उपसा आणि त्या सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर लावा. सेन्सरपाशी आलेला आणि इथे आलेला आकडा एकच हवा. इथे जास्त येत असेल तर मध्ये कुठेतरी कॉन्टॅक्ट खराब आहे. कोकण, गोवा, मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. पाच किलोओहमची वाढ किरकोळ वाटते, पण ३४३५ जातीच्या आर सेन्सरच्या लाइनीत एवढी भर पडली की बोर्डाला ४ अंश वाटतात तेव्हा आत १० अंश असतात. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, दोन-तीनदा काढघाल करा, परत मोजा.

इथे अनंत रेझिस्टन्स येत असेल आणि सेन्सर चांगला असेल तर वायर तुटली आहे. फ्रीजच्या मागच्या बाजूने उंदीर शिरलेत का ते आधी बघा. बोर्डाच्या डब्याजवळची वायर कुरतडलेली हमखास सापडते. भिंतीतल्या फोममधून गेलेली वायर आतच तुटली असेल तर ती ओढून काढता येत नाही; नवीन जोडी बाहेरून किंवा डक्टमधून न्यावी लागते.

बोर्ड तपासायचा असेल तर सेन्सरच्या जागी रेझिस्टर लावा. १०के पद्धतीच्या फ्रीजमध्ये आर किंवा एफ सेन्सरच्या कनेक्टरला १०केचा रेझिस्टर लावला की बोर्डाला आत २५ अंश वाटले पाहिजेत आणि कंप्रेसर सुरू झाला पाहिजे. एफच्या जागी १००के लावला की फ्रीझर कडक गोठल्याचं वाटून तो थांबला पाहिजे. रेझिस्टर लावायचा तो प्लग काढूनच, मग प्लग लावून बघायचं. कंप्रेसर लगेच लागला नाही तर घाई करू नका. प्लग लावल्यावर बोर्ड कंप्रेसरला काही मिनिटं थांबवून ठेवतो. दहा मिनिटांनीही दोन्ही रेझिस्टरांना बोर्ड सारखाच वागत असेल तर दोष बोर्डात आहे. चालू बोर्डावर व्होल्टेज मोजण्याच्या फंदात मात्र सवय नसेल तर पडू नका. काही बोर्डांचा ५ व्होल्टचा भागही थेट मेन्सशी जोडलेला असतो.

डी सेन्सरच्या जागी रेझिस्टर लावून फ्रीज चालू सोडणं धोक्याचं आहे. बोर्डाला कॉइल कायम थंड दिसली तर बर्फ वितळवणारा हीटर वेळेवर बंद होत नाही, आणि मग शेवटचा आधार फक्त थर्मल फ्यूजचा (फार तापलं की हीटरचा पुरवठा तोडणाऱ्या फ्यूजचा) उरतो.

डीफ्रॉस्टचा सेन्सर

कॉइलवर बर्फाची लादी जमली की वर फ्रीझर थंड आणि खाली फ्रीज गरम, अशी तक्रार येते. कॉइलमधून हवा खाली जातच नाही. डी सेन्सर कमी रेझिस्टन्स दाखवत असेल तर बोर्डाला वाटतं कॉइल गरम झाली, हीटर दोन मिनिटांत बंद होतो आणि बर्फ थरावर थर चढत जातो. सेन्सर बर्फाच्या पाण्यात तपासा, सोबत हीटर आणि फ्यूजही तपासा. थर्मल फ्यूजने नेहमीच बझर वाजवला पाहिजे. जुन्या टायमरवाल्या फ्रीजमध्ये सेन्सरऐवजी बायमेटल (थंडीत जुळणारा आणि गरम झाल्यावर सुटणारा स्विच) असतो. खोलीच्या तापमानाला तो ओपन दिसणं हेच त्याचं बरोबर वागणं आहे. त्याला फ्रीझरमध्ये तासभर ठेवा आणि मग बझर लावा. थंड असताना वाजला तर चांगला. टेबलावर ओपन दिसला म्हणून बदललेल्या बायमेटलांची संख्या कमी नसावी.

नवा सेन्सर घेताना आणि जोडताना

दुकानात ‘दहा केचा द्या’ म्हणून मिळेल तो घेऊ नका. मॉडेल नंबर फ्रीजच्या आतल्या भिंतीवरच्या स्टिकरवर असतो, त्यावरून पार्ट नंबर काढा. बी-व्हॅल्यू वेगळी असलेला १०के २५ अंशाला तंतोतंत जुळतो आणि थंडीत फसवतो. ३९५०ची अपेक्षा असलेल्या फ्रीजच्या खालच्या भागात ३४३५ बसवला तर बोर्डाला ४ अंश वाटतात तेव्हा आत शून्य असतं, पालेभाजी गोठलीच. फ्रीझरमध्ये तोच घोटाळा झाला तर बोर्ड उणे १८ समजून फ्रीझरला उणे २५पर्यंत नेतो आणि कंप्रेसर दिवसभर धापा टाकतो. नवा सेन्सर बसवण्याआधी त्यालाही बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि त्याच फ्रीजमधल्या चांगल्या भावंडाशी ताडून बघा. नवा आहे म्हणून बरोबर असेलच असं नाही.

कनेक्टरसकट सेन्सर मिळाला तर उत्तम. नाहीतर वायर कापून जोड द्यावा लागतो, आणि दुरुस्ती काही महिन्यांनी परत येते ती या जोडामुळेच. फ्रीझरमधला जोड दर डीफ्रॉस्टला भिजतो. काळी चिकटपट्टी थंडीत सुटते, ओल आत जाते आणि वर सांगितलेली चोरवाट जोडातच तयार होते. दोन वायरींचे जोड एकाशेजारी एक न येता दोन-तीन सेंटिमीटर मागेपुढे येतील असे कापा, पीळ देऊन सोल्डर करा (फ्रीजपासून दूर, टेबलावर होईल तेवढं), आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. तोंडं सिलिकॉनने बंद करायची असतील तर न्यूट्रल जातीचं सिलिकॉन घ्या; व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. जोड बसवताना वायरीला खाली झोळ येऊ द्या आणि जोड त्या झोळाच्या वर ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी जोडावर न येता झोळातून खाली ठिबकतं.

डोकं मूळ खाचेत, मूळ दिशेने बसवा. डी सेन्सर नळीला घट्ट टेकला पाहिजे. पॅनल लावताना फोमचे तुकडे जिथे होते तिथेच घाला. त्यांची फट राहिली तर थंड हवा थेट सेन्सरवर येते आणि नवा, चांगला सेन्सरही लवकर कंप्रेसर बंद करतो. कोड साठलेला असेल तर प्लग दहा मिनिटं काढून परत लावा.

मग फ्रीज निम्माच भरून चोवीस तास चालू द्या, दार जमेल तेवढं कमी उघडा. पाण्याच्या ग्लासातला थर्मामीटर परत मधल्या फळीवर ठेवा. ३ ते ५ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८च्या आसपास आलं, आणि कंप्रेसर (इन्व्हर्टर असेल तर त्याचा आवाज) अधूनमधून शांत होतोय, तर भाजी आणि दूध परत भरा. आठवडाभराने फ्रीझरच्या मागच्या पॅनलवर हात फिरवून बघा. पॅनलच्या जाळीवर बर्फ दिसायला लागला असेल तर डी सेन्सर, हीटर आणि फ्यूज परत मोजायला काढा.